सहा शेंगदाण्यांची ओळ

कार्टूनमधल्या माणसानं तोंड किती वेळा उघडलं, हे शेंगदाण्यांनी मोजणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्या खरोखरच्या बाईच होत्या. मुरगूडच्या प्राथमिक शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून रोज सकाळच्या एसटीनं त्या कोल्हापुरात यायच्या आणि राजारामपुरीतल्या आमच्या डबिंग स्टुडिओत चिनी कार्टूनला मराठी बोलायला शिकवायच्या.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. खाली दातांचा दवाखाना. डॉक्टरांनी खाली मशीन सुरू केलं की वर आमचं रेकॉर्डिंग थांबायचं. एकदा एका राक्षसाच्या गर्जनेत कुणाच्या तरी दाढेचा आवाज मिसळला होता आणि तो चांगला वाटला म्हणून मालकांनी तसाच ठेवला. मालकांचं सगळं असंच असायचं. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्यानं काहीही मागितलं की ‘होऊन जाईल साहेब’ म्हणायची जिभेला सवय होती. मी तिथं बाईंचा मदतनीस. इंग्रजी कागद वाचून दाखवायचे, बाईंनी लिहिलेलं टाइप करायचं आणि मधूनमधून विनोद पुरवायचे, ही माझी कामं. यातलं शेवटचं काम मला कुणी दिलं नव्हतं.

बाईंची पद्धत अशी होती. आधी आवाज बंद करून आख्खा भाग बघायचा. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक वाक्य. डाव्या हाताला भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी, उजव्या हाताला स्टीलची ताटली. पडद्यावर तोंड उघडलं की एक दाणा ताटलीत. वाक्य संपलं की दाणे मोजायचे आणि तेवढ्याच अक्षरांची ओळ जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहायची. ओळ नीट बसली तर ते दाणे खायचे. नाही बसली तर मुकाट्यानं पिशवीत परत. मालकांनी एकदा हौसेनं ओठ मोजायचं सॉफ्टवेअर आणलं. बाईंनी ते पाच मिनिटं चालवून बघितलं आणि म्हणाल्या, “चांगलं हाय की. पण ह्ये खाता येत न्हाय.”

त्यांच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात. एक म्हणजे त्या पर्समध्ये खडू बाळगायच्या आणि राजारामपुरीतल्या गल्ल्यांमधून येताना दुकानांच्या पाट्यांवरचे चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. खालच्या डॉक्टरांची पाटी त्यांनी तीनदा सुधारली. डॉक्टर दर वेळी पुसायचे. दुसरी म्हणजे भाग सुरू करण्याआधी त्या पात्रांची हजेरी घ्यायच्या. चिनी नावं एकेक करून मोठ्यानं म्हणायच्या, जीभ वळेपर्यंत. मी एकदा म्हटलं, “बाई, कशाला एवढं? आपण शावयूचं शालू करून टाकू, पोरांना सोपं पडेल.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“तुला शाळेत कुणी तुझं नाव सोडून दुसऱ्याच नावानं हाक मारली असती तर तू ओ दिलं असतंस काय?”

“न्हाय.”

“मग? पोराला त्याच्या नावानं हाक मारावी. आपल्या सोयीनं न्हवं.”

ही शावयू म्हणजे त्या मालिकेची नायिका. सहा-सात वर्षांची मुलगी, नदीकाठच्या गावात आजी-आजोबांच्या नूडल्सच्या दुकानात राहणारी. मालिकेत ना कुणी उडत होतं, ना कुणी लढत होतं. मुंबईच्या चॅनेलनं ती कशी काय घेतली होती कोण जाणे, बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेबरोबर फुकट मिळाली असावी. चॅनेलच्या साहेबांचं पहिलंच पत्र आलं ते असं, की मालिका ‘पूर्ण मराठी’ करा. नूडल्सची मिसळ करा, नावं बदला आणि जिथं कुणी बोलत नाही तिथं विनोद भरा, कारण शांतता झाली की मुलं चॅनेल बदलतात. मालकांनी उत्तर दिलं, होऊन जाईल साहेब.

बाईंनी पत्र ऐकलं आणि पडद्याकडं बोट केलं. शावयू दोन काड्यांनी नूडल्स ओढत होती. “आता ही काड्यांनी मिसळ खाणार. आमच्या मुरगूडातलं बालवाडीचं पोरगं सुद्धा इचारंल की, बाई, ही पाव कशानं खात्या?”

नूडल्स नूडल्सच राहिल्या. नावंही राहिली. विनोद मात्र मी भरत गेलो.

मालिकेबरोबर तिच्या चिनी लेखिकेचं टिपण आलं होतं, इंग्रजीत, चांगलं जाडजूड. त्याची पहिली चार पानं मी बाईंना मराठीत वाचून दाखवली. लेखिकेनं लिहिलं होतं, की त्यांच्याकडं बरीच वर्षं परक्या देशांची नक्कल झाली. मग उलटा वारा आला, तेव्हा ज्यात त्यात ड्रॅगन, कंदील आणि पांडा कोंबले गेले. तिला दोन्ही नको होतं. आपल्या माणसांचं आपलेपण भिंतीवर काय टांगलंय यात दिसू नये, ती एकमेकांना वाढतात कशी, रागावतात कशी, गप्प कशी बसतात यात दिसावं, असं तिचं म्हणणं होतं. बाई ऐकता ऐकता ताटलीतले दाणे खायचं विसरल्या. “बघ,” त्या म्हणाल्या, “तिकडं बी डोक्याला ह्योच ताप हाय.”

याला एक संदर्भ होता. मालकांच्या डोक्यात तेव्हा स्वतःची एक अस्सल कोल्हापुरी मालिका घोळत होती. नायकाला फेटा, झुपकेदार मिशी, पायात कापशी चपला, हातात तांबड्या रश्शाची वाटी आणि दर दोन मिनिटांनी शड्डू. चित्रं काढून भिंतीवर लावलीही होती. मालकांनी बाईंना मत विचारलं. बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

“ह्येचा फेटा काढा. मिशी काढा. चप्पल काढा. वाटी काढून घ्या.”

“काढली समजा,” मालक म्हणाले.

“आता जे ऱ्हायलं ते कोल्हापुरी हाय काय?”

बाईंनी मग शावयूच्या आजोबांचं उदाहरण दिलं. तो म्हातारा नातीला कधी लाडाचा शब्द बोलत नाही. स्वतःच्या वाडग्यातला मांसाचा मोठा तुकडा उचलतो, तिच्या वाडग्यात टाकतो आणि म्हणतो, मला नाही आवडत. “त्येच्या दुकानातले सगळे कंदील काढा,” बाई म्हणाल्या. “त्यो तरी चिनीच ऱ्हातोय. आणि माझा बा बी असाच हुता, म्हणून मुरगूडचा बी ऱ्हातोय.” मालक म्हणाले, बरोबर आहे. भिंतीवरचा फेटा मात्र तसाच राहिला.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. दुसऱ्या भागात एक साधा प्रसंग आहे. जेवायला बसलेली शावयू खेळता खेळता दोन्ही काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या रोवते. आजी चटकन तिच्या हातावर मारते, काड्या उपटून काढते आणि काहीतरी छोटंसं बोलते. इंग्रजी कागदावर फक्त ‘तसं करू नकोस’ एवढंच होतं. त्यात मजा ती काय? भातातल्या काड्या बघून मला आमच्या शेतातली उसाची लावण आठवली आणि मी आजीच्या तोंडात वाक्य घातलं, “भातात ऊस लावलास व्हय गं? पाणी कवा सोडायचं?”

बाईंना एवढं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. खरं म्हणजे आजीच्या त्या वाक्याचे दाणे होते सहा. माझी ओळ भरली वीस अक्षरांची. सहा अक्षरांनंतर म्हातारी तोंड मिटून समोर बघत बसते आणि तिच्या मिटल्या तोंडातून उसाचं पाणी वाहत राहतं. एरवी बाईंनी माझा कान धरला असता. त्या दिवशी त्यांनी दाणे न मोजताच खाल्ले.

चॅनेलचे साहेब खूश झाले. मालिका सुरू व्हायला महिना-दीड महिना होता. त्यांनी त्या वाक्याची जाहिरात केली आणि ती दिवसातून वीसदा दाखवायला लागले. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला मला बघून ओरडायला लागला, “ऊस लावलास व्हय गं!” माझी आई, जिला मी नक्की काय काम करतो हे कधी कळलं नव्हतं, ती शेजारणीला हाक मारून टीव्हीसमोर बसवायला लागली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. माझ्या नावावर जगात तेवढी एकच गोष्ट होती.

भाग आमच्याकडं चार-चार करून यायचे. पुढची गोष्ट आम्हालाही ठाऊक नसायची. एकोणिसावा भाग आला तेव्हा बाईंनी नेहमीप्रमाणे आवाज बंद करून तो लावला. आधीच्या दोन भागांत आजी आजारी होती. या भागात ती दिसतच नाही. ती गेली असं कुणी म्हणत नाही. शावयू शाळेतून येते. आजोबा टेबलापाशी बसलेले असतात. आजीच्या जागेवर भाताचा वाडगा असतो आणि त्यात दोन काड्या उभ्या रोवलेल्या असतात. शावयू दारात थांबते. काड्यांकडं बघते, मग आजोबांकडं बघते. दोघं समोरासमोर, तोंडं मिटलेली. शेवटी ती येऊन आपल्या जागेवर बसते. मी घड्याळ लावून बघितलं, चाळीस सेकंद.

बाईंच्या ताटलीत एकही दाणा पडला नव्हता. “ह्या काड्यांचं,” त्या म्हणाल्या, “चार वाजले की पोरीला इचारतो.”

पोरगी म्हणजे त्यांची भाची, भावाची मुलगी. ती चीनमध्ये डॉक्टरकीला होती. आपले चार म्हणजे तिकडचे साडेसहा, तिची जेवणाला जायची वेळ. बाई तिला आठवड्यातून दोनदा स्टुडिओतूनच फोन करायच्या, कारण इथलं नेट चांगलं होतं. तिच्याकडून त्या मालिकेतल्या बारीकसारीक गोष्टी विचारून घ्यायच्या. भाची उत्तरं द्यायची, व्यवस्थित, पेपरात लिहावीत तशी. स्वतःहून काही विचारायची नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती बाईंना कशानंच हाक मारायची नाही. फोन उचलला की ‘हं, बोल,’ एवढंच.

त्या दिवशी तिनं होस्टेलच्या खानावळीतल्या बाईला विचारून सांगितलं. गेलेल्या माणसापुढं भात ठेवतात, तेव्हा काड्या अशा उभ्या रोवतात. म्हणून एरवी ताटात कधी तसं करत नाहीत. मुलांनी केलं तर मोठी माणसं हातावर मारतात आणि कारण सांगत नाहीत.

फोन बंद झाल्यावर मी कपाटातून लेखिकेचं टिपण काढलं. शेवटच्या पानांवर चालीरीतींची यादी होती. काड्यांचं त्यात सविस्तर लिहिलं होतं. दुसऱ्या भागातली चापट आणि एकोणिसाव्या भागातली शांतता या एकाच प्रसंगाच्या दोन बाजू आहेत आणि मुलांना तो न सांगता कळावा, असंही होतं. मी ती पानं वाचलीच नव्हती. मी बाईंना तसं सांगितलं. मनातून चांगलाच टरकलो होतो.

“म्हाईत हाय,” बाई म्हणाल्या. “मागची पानं दुमडली बी न्हवती. न उघडलेली वही मला लांबनं कळत्या.” मग म्हणाल्या, “तुझी चूक निम्मी. मला हसू आलं म्हणून मी सोडलं. दाणे मोजले असते तर वीस अक्षरं बसलीच नसती.”

मुंबईहून साहेबांचा फोन त्याच आठवड्यात आला. त्यांनीही एकोणिसावा भाग बघितला होता. एवढी लांब शांतता चालणार नाही, आणि काड्या परत आल्याच आहेत तर उसाचा विनोदही परत आणा, मुलं खूश होतील, असं त्यांचं म्हणणं. “शावयूच्या तोंडी टाका,” ते म्हणाले. “ती म्हणेल, आजोबा, तुम्हीपण ऊस लावला? मस्त होईल.” मालकांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

मी बाईंकडं बघितलं. वाटलं, आता भांडतील. त्या उठल्या आणि डबा घेऊन गच्चीत गेल्या. मीही मागोमाग गेलो. बाई डब्यात नेहमी दोनच भाकरी आणायच्या. डबा त्यांनी उघडला नाही, मांडीवर ठेवला आणि मला त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. कुणाकडं तक्रार करावी तशी नाही, गावाचा रस्ता सांगावा तशी.

भाचीची आई बाळंतपणातच गेली होती. भाची सहा वर्षांची असताना भाऊही अपघातात गेला. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, पोरगी त्यांच्याकडं आली. पोरीला काय सांगायचं? बाईंनी सांगितलं, बाबा बंगळूरला कामाला गेलाय, येईल. “पोरगी इचारायची, कवा येणार? मी गंमत सांगायची. शाळेत माझ्या गमती लई गाजलेल्या. माकडाची सांगायची, पाटलाच्या म्हशीची सांगायची. पोरगी हसायची आणि इसरायची. एक वर्ष असं काढलं बघ.”

“मग?”

“मग एक दिवस वर्गात, माझ्याच वर्गात, एका पोरानं तिला सांगितलं, तुझा बाप मेलाय, समद्या गावाला म्हाईत हाय. पोरीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि मी काय केलं ठावं हाय?” बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. “आख्ख्या वर्गाला एक गंमत सांगितली. सगळी पोरं हसली. ती न्हाय हसली. त्या दिवसापास्नं ती मला आत्ती म्हणत न्हाय. जेवत्या, अभ्यास करत्या, फोन उचलत्या. आत्ती म्हणत न्हाय.”

मला नेहमीसारखं काहीतरी गमतीचंच सुचत होतं.

“ह्या लिवणाऱ्या चिनी बाईला पोरीपुढं गप बसाय आलं,” बाई म्हणाल्या. “मला न्हाय आलं. ह्यो भाग तसाच ऱ्हायला तर मी त्यो पोरीला दाखवणार हाय. तोंडानं मला सांगता येणार न्हाय, निदान ह्ये तरी तिला बघू दे. पण दुसऱ्या भागात तुझा ऊस ऱ्हायला तर काड्या बघून कुणीबी हसणार. तीबी हसंल.” मग त्या मला सरळ म्हणाल्या, “ती उसाची ओळ तुझी हाय. मी कुणाला सांगणार न्हाय, तुलाबी सांगणार न्हाय. तुला वाटलं तर काढ.”

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी काढली नाही. चहावाला ओरडत होता, आई शेजारणींना बोलावत होती. माणसाला एकदाच कुणीतरी ओळखायला लागतं, आणि ते वाक्य स्वतःच्या हातानं पुसायचं, हे मला जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी एकटाच बसून एकोणिसावा भाग लावला. शावयू दारात थांबली, काड्यांकडं बघितलं, आणि माझ्या डोक्यात आपोआप आलं, ‘पाणी कवा सोडायचं?’ मी हसलो. त्या मुलीची आजी गेली होती आणि मी हसलो. मला माझीच शरम वाटली, तीही अशी की उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

बाई आल्यावर मी म्हटलं, “काढू या.”

आता काढणार कसं? साहेबांना विनोद नको म्हणून सांगून उपयोग नव्हता. रस्ता शेंगदाण्यांनीच दाखवला. चॅनेलमध्ये साहेब एकीकडं आणि तांत्रिक तपासणी करणारे एकीकडं. त्या तपासणीवाल्यांना गोष्टीशी देणंघेणं नसतं, आवाज ओठांना जुळतो की नाही एवढंच ते बघतात. मी त्यांना रीतसर पत्र लिहिलं, की दुसऱ्या भागात आजीच्या एका वाक्यात आमच्याकडून चूक राहिली आहे, ओठ सहा वेळा हलतात, अक्षरं वीस आहेत, दुरुस्त करून पाठवत आहोत. आणि एकोणिसाव्या भागात दोन्ही पात्रं समोर असून तोंडं मिटलेली आहेत, तिथं संवाद घातल्यास तीच चूक पुन्हा होईल. यातला शब्दन् शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांचं उत्तर आलं, मान्य.

राहिली ती सहा अक्षरं. बाईंनी सहा दाणे ताटलीत मांडले. “आपल्या घरात म्हातारी काय म्हणत्या रं? एखाद्यानं ताटात तीन भाकरी वाढल्या तर?”

“असं करू नये.”

“का करू नये म्हणून सांगत्या?”

“न्हाय.”

बाईंनी एकेक दाणा उचलत म्हटलं, “अ, सं, क, रू, न, ये.” ताटली रिकामी झाली.

पण आजीचा आवाज देणारी कलाकार नाटकाच्या दौऱ्यावर गेलेली, पंधरा दिवस येणार नव्हती. भाग दोन दिवसांत पाठवायचा होता. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच म्हणा. बाई कधी काचेच्या पलीकडं, माइकसमोर गेलेल्या नव्हत्या. मग चपला काढून, पदर सारखा करून, वर्गात साहेब तपासणीला आल्यासारख्या जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या वेळी त्या आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. दुसऱ्या वेळी खालच्या डॉक्टरांनी मशीन सुरू केलं. सात-आठ वेळा झालं. मग मी आवाज बंद करून त्यांच्यासमोर शावयूचा चेहरा थांबवून ठेवला. बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि हळू म्हणाल्या, “असं करू नये.” तेच आम्ही ठेवलं.

साहेबांना जाहिरातीतलं वाक्य मालिकेतून गेल्याचं कळलं तेव्हा ते मालकांवर भडकले. पुढची मालिका त्यांनी दुसऱ्या गावच्या स्टुडिओला दिली. मालक मला दोन दिवस बोलले, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. चहावाला आणखी महिनाभर ओरडत राहिला, मग विसरला. चिनी काम संपलं तसं बाईंचं येणंही संपलं. मी आज दुसऱ्याच स्टुडिओत असतो, खिशात शेंगदाण्यांची पुडी असते आणि लोक मलाही थोडा चक्रम समजतात.

पण बाईंच्या स्टुडिओतल्या शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दोन्ही भाग त्यांनी माझ्याकडून भाचीला पाठवून घेतले होते. असं पाठवायची परवानगी नसते, मालकांना मी ते आजही सांगितलेलं नाही. त्या दिवशी बाईंनी दुपारचा डबा उघडलाच नाही. नंतर जेवतो म्हणाल्या. चार वाजता मी फोन लावून दिला आणि उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

भाचीनं फोन उचलला. ‘हं, बोल’ आलं नाही. काहीच आलं नाही. तिच्या मागं खानावळीतल्या भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. बाईही बोलल्या नाहीत. मला राहवेना. मी तोंड उघडलं, आणि बाईंनी माझ्या मनगटावर चटकन मारलं. टेबलावरच्या ताटलीत काही नव्हतं. किती वेळ गेला मी मोजला नाही.

“आत्ती,” भाची म्हणाली. “ती म्हातारी तूच न्हवं?”

“व्हय,” बाई म्हणाल्या.

“जेवलीस काय?”

“न्हाय अजून.”

“जेव जा. मग बोलू.”

बाईंनी फोन ठेवला, डबा पुढं ओढला आणि उघडला. एक भाकरी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, मला दोन जात न्हाईत. मी ती घेतली. खाली डॉक्टरांचं मशीन चालू होतं आणि आम्ही जेवलो.